पाय अडकवू की मोकळा ठेवू?

पत्राचा सारांश: मी ४२ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी पहिली रोड बाइक घेतली. आठवड्यातले तीन दिवस त्याच सायकलने कामावर जाते. वाटेत सिग्नल, गर्दी, सगळं आहे. रविवारी एका ग्रुपबरोबर पन्नास-साठ किलोमीटर होतात. चढ आला की मी मागे पडते. ग्रुपमधल्या बहुतेकांच्या पायात क्लीटचे, म्हणजे तळव्यावरच्या पकडीने पेडलमध्ये अडकणारे बूट आहेत आणि त्यांचं निदान ठरलेलं आहे: "पेडल बदल, मग बघ." एका मित्राने त्याची जुनी तीन बोल्टवाली (क्लीट तीन बोल्टने बुटाला बसते ती) पेडल्स आणि बूट देऊ केलेत, बूट मला अर्धा नंबर मोठे होतात. मध्यंतरी पावसात पाय सटकला आणि नडगी सोलून निघाली, तेव्हा वाटलं घ्यावीतच. पण काही वर्षांपूर्वी माझं मनगट मोडलं होतं, आणि "सुरुवातीला सगळेच दोन-तीनदा पडतात" हे ऐकलं की पोटात गोळा येतो. इतकी भीती वाटत असेल तर रोड सायकलिंग माझं नव्हेच का? की भीती गिळून एकदाचं शिकून टाकावं?

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. रोड सायकलिंग तुमचं आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार पेडलला नाही. आठवड्याला तीन दिवस कामावर आणि रविवारी पन्नास-साठ किलोमीटर तुम्ही चालवताय. ज्याला हे सायकलिंग वाटत नाही, त्याच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात तीन वेगळ्या तक्रारी एकाच गाठोड्यात आल्या आहेत. चढावर दम कमी पडतो, पावसात पाय सटकतो, आणि ग्रुपमध्ये आपण नवखे दिसतो. ग्रुपने तिन्हींवर एकच उपाय सांगितला. माझ्या मते पहिल्या तक्रारीचा पेडलशी फारसा संबंध नाही. दुसरीचा आहे, पण त्यासाठी क्लीटच लागते असं नाही. तिसरीवर मी काही लिहिणार नाही. वर पोचल्यावर ती मंडळी तुमच्यासाठी थांबत असतील तर ग्रुप चांगला आहे, थांबत नसतील तर नवी पेडल्स घेऊनही थांबणार नाहीत.

चढाचं बघू. "क्लीट असली की पाय वरही ओढता येतो, म्हणजे दुप्पट जोर" असं कुणीतरी सांगितलं असेलच. ऐकायला अगदी पटतं. प्रत्यक्षात पेडलवरचा जोर मोजून बघितला, तर एका लयीत चालवताना कसलेले सायकलपटूसुद्धा पाय फारसा वर ओढत नाहीत. वर येणाऱ्या पायाचा भार ते पेडलवरून कमी करतात, इतकंच. म्हणजे खाली जाणाऱ्या पायाला तो उचलत बसावं लागत नाही. हे साध्या पेडलवरही जमतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलपटूंना मुद्दाम वर ओढायला सांगितलं होतं. जोराची दिशा कागदावर सुधारली, पण तेवढ्याच कामाला शरीराने ऊर्जा जास्त खर्च केली.

कोलोरॅडो विद्यापीठात रॉजर क्रॅम यांच्या गटाने २०१६ मध्ये धावण्याचे बूट व साधी पेडल्स एकीकडे आणि सायकलचे कडक बूट व क्लिपलेस, म्हणजे क्लीट अडकवायची पेडल्स दुसरीकडे अशी तुलना केली. मध्यम जोराने चालवताना ऊर्जेच्या खर्चात दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. याच गटाने २०२० मध्ये जीव तोडून मारलेल्या छोट्या स्प्रिंट तपासल्या, तिथे मात्र क्लिपलेसवर ताकद स्पष्टपणे जास्त निघाली. तेव्हा तुमचे मित्र खोटं बोलत नाहीत. जागेवरून उठून, पूर्ण जोर लावून शेवटचे दोनशे मीटर कोण आधी गाठतो, याची त्यांची चुरस चालत असेल तर त्यांना फायदा खरंच मिळतो. पण तुम्ही चढाच्या मध्यावर मागे पडता, ते यामुळे नाही.

ते कशामुळे, याची माझी पैज दोन गोष्टींवर आहे. एक, चढाची सुरुवात तुम्ही त्यांच्या वेगाने करता आणि पहिल्या काही मिनिटांत पाय भरून येतात. पुढच्या रविवारी चढ सुरू होताना मुद्दाम मागे राहा आणि बोलता येईल इतक्याच श्वासावर निम्मा चढ काढा. दुसरी गोष्ट गिअरची. पुढे पेडलजवळ ५० आणि ३४ दातांच्या चेनरिंग (दातेरी चक्रं) आणि मागच्या चाकावरच्या चक्रांच्या संचात, म्हणजे कॅसेटमध्ये, सर्वांत मोठं चक्र २८ दातांचं, ही जोडी बऱ्याच रोड बाइकवर असते. मागे २८ च्या जागी ३४ दातांचं चक्र आलं, तर सर्वांत हलका गिअर आणखी जवळपास १८ टक्क्यांनी हलका होतो. तुमचा मागचा डिरेल्यर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) एवढं मोठं चक्र पेलतो का, हे मेकॅनिककडून आधी बघून घ्या. चढावर मागे पडणाऱ्या माणसाने पैसे खर्च करायचेच असतील, तर पेडलच्या आधी इथे करावेत असं माझं स्पष्ट मत आहे. सीट फार खाली नाही ना, तेही तपासा. नव्याने सायकल घेतलेले लोक पाय पटकन टेकावा म्हणून सीट खाली ठेवतात आणि चढावर गुडघे दुखले की पेडलला दोष देतात.

आता पावसातला पाय. सायकलबरोबर आलेली पेडल्स बहुधा अरुंद, गुळगुळीत प्लास्टिकची असणार. ती दुकानातून घरी नेण्यापुरती दिलेली असतात असं समजा. रुंद पाट असलेली आणि पाटावर छोट्या धातूच्या पिना असलेली पेडल्स ही वेगळीच चीज आहे. त्यावर सपाट, चिवट रबरी तळव्याचा आणि फार न वाकणारा बूट घातला, की पाय इतका पकडून बसतो की जागा बदलायची तर उचलूनच ठेवावा लागतो. धावण्याचे जाड, मऊ, खाली गोलाई असलेले बूट या कामाला वाईट. त्यात पाय डुलतो आणि पिनांना धरायला जागाच मिळत नाही. चवडा पेडलच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे ठेवा, खडबडीत रस्त्यावर टाच जराशी खाली सोडा. एक सावधगिरीची सूचना: पिना जितकी चांगली पकड देतात तितक्याच निष्ठेने नडगीही फाडतात. सुरुवातीला लांब मोजे बरे.

साधी पेडल्स म्हणजे शिकाऊ लोकांसाठी आणि क्लीट म्हणजे बढती, हा समज सायकलच्या जगात फार खोल रुतलेला आहे. माउंटन बाइकवर सॅम हिल याने २०१७ ते २०१९ अशी सलग तीन वर्षं एंड्युरो वर्ल्ड सिरीज ही शर्यतमालिका जिंकली, तीही साध्या पेडलवर. रस्त्यावरच्या शर्यतीत असं दिसत नाही हे खरं, पण त्याचं कारण शर्यतीत आहे. तासन्‌तास पाय टेकायची वेळ येत नाही आणि निकाल शेवटच्या स्प्रिंटवर ठरतो. तुमच्या आठवड्यातले तीन दिवस याच्या नेमके उलटे आहेत.

क्लीटच्या बाजूने बोलायचं तर सांगण्यासारखं बरंच आहे, आणि ते ताकदीपेक्षा निवांतपणाचं आहे. मिनिटाला ८० फेऱ्या या हिशेबाने तीन तासांत प्रत्येक पाय १४,४०० वेळा फिरतो. एवढ्या वेळा पाय त्याच जागी, त्याच कोनात, काही विचार न करता पडत राहणं, हे ज्याने लांबच्या राईडमध्ये अनुभवलंय तो साध्या पेडलवर सहसा परतत नाही. वेगात उतरताना रस्ता खराब निघाला तरी पाय उडत नाही. कडक तळव्यामुळे दाब चवड्यावर पसरतो. पण याच स्थिरपणाची दुसरी बाजू गुडघे भोगतात. क्लीट चुकीच्या कोनात बसली असेल, तर ती चूकही १४,४०० वेळा होते. म्हणूनच क्लीटला थोडी डुलण्याची मोकळीक ठेवलेली असते. शिमानो या जपानी कंपनीच्या तीन बोल्टच्या क्लीट्समध्ये पिवळ्या रंगाची ६ अंश डुलू देते, निळी २ अंश, आणि लाल जराही नाही. नवख्याने लालच्या वाटेला जाऊ नये. कुणी "प्रो लोक लालच वापरतात" म्हणालं तरी नाही.

यातलं कुठलं पेडल कुणासाठी बनलं, हे माहीत असलं की निवड सोपी होते. तीन बोल्टच्या घराण्याची सुरुवात १९८४ मध्ये लुक या फ्रेंच कंपनीने केली. स्कीच्या बुटांना पकडणारी यंत्रणा ते बनवत होते, तीच कल्पना त्यांनी पेडलवर आणली, आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनॉ याने त्यांवर टूर द फ्रान्स जिंकली. शर्यतीतला माणूस चालत नाही, म्हणून क्लीट मोठी, बुटाच्या तळव्याबाहेर आलेली, फरशीवर घसरणारी असली तरी चालतं. दोन बोल्टची एसपीडी पद्धत शिमानोने १९९० मध्ये माउंटन बाइकसाठी आणली. तिथे उतरून सायकल ढकलावी लागते, म्हणून क्लीट छोटी, धातूची आणि तळव्याच्या खाचेत लपलेली. पेडलमध्ये दोन्ही बाजूंनी पाय अडकतो. तीन बोल्टच्या पेडलमध्ये एकाच बाजूने, आणि सिग्नल हिरवा झाल्यावर ती बाजू बुटाच्या टोकाने शोधावी लागते. मागचा रिक्षावाला तोवर हॉर्न वाजवतोच. एसपीडी रोड बाइकवर "शोभत नाही" असं ऐकाल. ऐका आणि सोडून द्या.

मित्राने देऊ केलेली जोडी म्हणूनच घेऊ नका. तीन बोल्टची आहेत हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं: अर्धा नंबर मोठ्या बुटात पाय आतल्या आत सरकतो. क्लीट सोडवायला तुम्ही टाच बाहेर फिरवता, पण आधी पाय बुटात फिरतो आणि बूट मागाहून. हा जो अर्धा क्षण जातो, त्यातच माणूस आडवा होतो. शिवाय त्याच्या क्लीट्स त्याच्या पायाच्या कोनात बसवलेल्या आणि चालून चालून झिजलेल्या असणार. झिजलेली क्लीट कधी नको तेव्हा सुटते, कधी हवी तेव्हा अडते. त्याला "नंबर बसत नाही रे" एवढं सांगितलं तरी पुरे, आणि ते खरंही आहे.

राहिली भीती. ती गिळू नका असंच सांगेन, कारण तुमची भीती हवेतली नाही. मनगट मोडलेल्या माणसाला पडताना हात पुढे जातो म्हणजे काय होतं, हे इतरांपेक्षा चांगलं ठाऊक असतं. पण "सगळेच दोन-तीनदा पडतात" हा काही निसर्गनियम नव्हे. ही पडझड जवळजवळ नेहमी थांबताना होते आणि ठराविक प्रकारांनी होते. पाय अडकलाय हे विसरून माणूस थांबतो. किंवा डावा पाय सोडवतो आणि तोल उजवीकडे जातो. किंवा जड गिअरमध्ये चढावर सायकल थबकते. आणखी एक प्रकार आहे, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं: क्लीटचा बोल्ट ढिला होऊन पडतो, मग बूट फिरतो पण क्लीट जागची हलत नाही, आणि पाय सुटतच नाही. तसं झालं तर बुटाची पट्टी सोडून बुटातून पाय बाहेर काढायचा. बोल्ट पहिल्या दोन-चार राईडनंतर आणि पुढे अधूनमधून आवळून बघितले, तर ही वेळ सहसा येत नाही.

तुम्ही आधी एक साधी मोजणी करा. दोन आठवडे, आत्ताच्या पेडलवरच. प्रत्येक राईडनंतर आठवून लिहा की पाय किती वेळा टेकला आणि त्यातले किती वेळा अचानक टेकावा लागला. सिग्नल दिसतोय, हळू होतोय, पाय काढला, हे अचानक नाही. समोर कुणी दार उघडलं, कुत्रं आलं, चढावर गिअर चुकला, हे अचानक. क्लीटला पहिल्या प्रकाराची अडचण नसते. दुसऱ्या प्रकाराची असते. माझा अंदाज असा की कामावर जाताना हा आकडा मोठा निघेल आणि रविवारी लहान. तसा निघाला तर उत्तर तुमच्याच वहीत आहे. कामाच्या दिवसांसाठी चांगली पिनांची पेडल्स, आणि क्लीटचा विचार झालाच तर फक्त रविवारपुरता, तोही रविवारी अचानक पाय टेकणं जवळजवळ थांबल्यावर.

एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी अशी दुहेरी पेडल्सही मिळतात. तुमच्यासारख्यांना हीच सुचवली जातात, आणि पर्याय वाईट नाही. फक्त ते दोन्हींचं सुख देतं असं समजू नका. गर्दीत निघताना हवी ती बाजू वर असेलच याची खात्री नाही, खाली बघावं लागतं, आणि गर्दीत खाली बघणं चांगलं नव्हे. पेडल बदलणं पाच-दहा मिनिटांचं काम आहे. शनिवारी बदलायचा कंटाळा येणार नसेल तर दोन वेगळे जोड बरे. येणार असेल तर दुहेरी घ्या. चवड्याभोवती पट्टी आवळायचे जुने पिंजरे मात्र टाळा. पट्टी आवळली की पाय काढायला आधी हाताने ती सैल करावी लागते, ते क्लीटपेक्षा अवघड.

कधी क्लीटकडे वळलात तर अशा पद्धतीने वळा. दोन बोल्टची एसपीडी घ्या आणि पेडलची स्प्रिंग छोट्या ॲलन कीने अगदी सैल करा. एसएच ५६ नावाच्या क्लीट्स मागून घ्या. नेहमीच्या एसएच ५१ टाच बाजूला फिरवली तरच सुटतात, ५६ घाबरून तिरका, वरच्या दिशेला हिसका दिला तरी सुटतात. जोरात उभं राहून चालवताना त्या क्वचित नको तेव्हाही सुटू शकतात, पण तुमच्या परिस्थितीत हा सौदा मला मान्य आहे. बुटावर क्लीट चवड्याच्या सर्वांत रुंद भागाखाली येऊ द्या. तुम्ही सहज चालता तेव्हा पावलं जरा बाहेर वळत असतील तर क्लीटही तशीच वळवा, सरळ रेषेचा हट्ट नको.

मग भिंतीला टेकून, सीटवर बसून, एकच पाय अडकवणं आणि सोडवणं इतकं करा की कंटाळा येईल. कंटाळा आला म्हणजे पायाला जमलं. त्यानंतर गवताचं रिकामं मैदान, दुसरा पाय मोकळा. रस्त्यावर एकच पाय आधी सोडायचा हे पक्कं ठरवून टाका, नेहमी तोच. थांबायच्या बऱ्याच आधी गिअर हलका करा, तो पाय खाली असताना टाच बाहेर फिरवून सोडवा, आणि थांबताना सायकल त्याच बाजूला किंचित कलू द्या. शंका आली की सोडवा. पाय उगाच सोडवला म्हणून कुणी हसत नाही. आणि तरीही आडव्या झालातच, तर हँडल धरून ठेवायचा प्रयत्न करा. खांदा आणि मांडी तो धक्का मनगटापेक्षा बरा सोसतात. मनगट अजून दुखत असेल तर हा प्रयोग डॉक्टरांना दाखवल्यावरच. गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला नवीन दुखणं सुरू झालं तर "सवय होईल" म्हणून ओढू नका, क्लीटचा कोन बदला.

सध्या तरी तुम्हाला फक्त पिनांची साधी पेडल्स बसवायची आहेत, तेव्हा त्याबद्दल. दोन्ही पेडल्सवर डावं-उजवं अशी खूण असते आणि डाव्या पेडलला उलटे आटे असतात. लक्षात ठेवायला सोपं: पान्याचा दांडा वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही बाजूंची पेडल्स आवळतात, मागच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही सुटतात. जुनं पेडल सोडवताना चेन मोठ्या चेनरिंगवर ठेवा, म्हणजे हात सटकला तर दातांवर आपटणार नाही. नवीन पेडलच्या आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले चार-पाच फेरे बोटांनीच द्या. बोटांनी फिरत नसेल तर पाना लावू नका, काढून पुन्हा सरळ बसवा. क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्यात बसतं त्याचे आटे एकदा गेले की पेडलपेक्षा मोठा खर्च निघतो. बूट आणि पेडल दोन्हींची जाडी बदलल्यामुळे सीटची उंची पुन्हा बघावी लागेल, थोडीशी वर-खाली. पहिल्या राईडनंतर पेडल्स आणखी एकदा आवळा. हे काम आठवड्याच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी करा, म्हणजे पहिली चक्कर एकट्याने आणि घराजवळच होईल.